हद्दवाढीचा आरंभ कोणीं करावा ?

खेड्यानें शहरांत कधीं सामील व्हावें, हें आपल्याकडे मुंबईंत ठरतें. खेड्यांतल्या मतदारास त्याची वार्ता बहुधा राजपत्र निघाल्यावर लागते. सोलापुरास हा अनुभव नवा नाहीं. सन १९९२ मध्यें बाळे, शेळगी, कुमठे, मजरेवाडी वगैरे गांवें शहराच्या हद्दींत आलीं व शहराचें क्षेत्र सुमारें ३३ चौरस किलोमीटरांवरून सुमारें १७८ वर गेलें. कर शहराचा आणि गटार मात्र खेड्याचें, ही तक्रार त्या भागांतून पुढें वर्षानुवर्षें ऐकूं येत राहिली.

१९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाचें तिसरें कलम पाहा. पालिकेचा विचार घेऊन सरकार अधिसूचनेनें हद्द बदलूं शकतें. मसुदा आधीं प्रसिद्ध करावा लागतो. म्हणजे नागरिकास हरकतीचा हक्क आहे, आरंभाचा नाहीं. ग्रामसभेनें खुशाल ठराव करावा; त्यावर निर्णय देण्याचें बंधन हें कलम सरकारवर घालीत नाहीं. पुण्याभोवतालच्या गांवांचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हां कोठें २०१७ सालीं ११ गांवें शहरांत आलीं. त्यांतलींच फुरसुंगी व उरुळी देवाची पुढें वगळलीं गेलीं!

इतरत्र असें नाहीं. जपानांत मतदारांच्या पन्नासाव्या हिश्श्यास विलीनीकरण-समितीची मागणी कायद्यानें करतां येते. न्यूयॉर्क राज्याच्या २००९ च्या कायद्याप्रमाणें साधारणतः शेंकडा दहा मतदारांनीं, किंवा पांच हजारांनीं, जी संख्या कमी असेल तितक्यांनीं, सह्या केल्या कीं मतदान घ्यावेंच लागतें. मात्र तेथें मतदान आधीं व योजना मागाहून, हा क्रम आम्हांस पसंत नाहीं. दुकानांत भागीदार घेणारा व्यापारी आधीं त्याची खातेवही पाहतो, मग करारावर सही करतो.

प्लॉट पाडणारे लोक भाडोत्री सह्या गोळा करतील, अशी शंका आमच्या कांहीं मित्रांस येते. ती रास्त आहे. (जमिनीचे दलाल आज मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवीत नाहींत काय, हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवूं.) म्हणूनच सह्यांनीं केवळ चौकशी सुरू व्हावी, विलीनीकरण नव्हे. शेंकडा दहा सह्या आल्या कीं जिल्हाधिकाऱ्यांनीं सहा महिन्यांत उभय संस्थांचें कर्ज, नवा कर आणि नळ-गटारांचा खर्च छापून प्रसिद्ध करावा, व त्यानंतर गांवांत आणि शहरांत निरनिराळें गुप्त मतदान घ्यावें. तिसऱ्या कलमास एक पोटकलम जोडल्यानें हें साधेल. सोलापूर जिल्ह्याच्या आमदारांपैकीं एकानें तरी येत्या अधिवेशनांत तसें अशासकीय विधेयक आणावें, अशी आमची त्यांस सूचना आहे.