रमजानची रात्र आणि दुकानातला मुलगा

रमजानचा शेवटचा अशरा सुरू झाला, की मुंबईचा मोहम्मद अली रोड असो, नागपूरचा मोमिनपुरा असो की मालेगाव-भिवंडीचे बाजार, तरावीहनंतर गर्दी वाढते ती सहेरीपर्यंत हटत नाही. दिवसभर रोजा, घरकाम, नोकरी. खरेदीला वेळ रात्रीच मिळतो, हे खरे. पण काउंटरपलीकडचा मुलगाही रोजेदारच असतो. ज्या रात्री आपण शब-ए-कद्र शोधायची, त्याच रात्री तो आपल्यासमोर एकामागून एक ड्रेस उलगडत असतो.

माझे बरेच माजी विद्यार्थी कपड्यांच्या आणि चपलांच्या दुकानांत आहेत. त्यांचा हिशेब असा: पगार थोडा, बाकी कमिशन. ठरलेला आकडा गाठला तरच कमिशन; हजार-दोन हजारांनी हुकला तर काहीच नाही. गेल्या ईदचा पडून राहिलेला माल खपवला तर नगामागे जास्त पैसे. आता रात्री दीडची वेळ घ्या. मुलगा दमलेला, गिऱ्हाईकही दमलेले, आकडा अजून दूर. "आपा, अल्लाहची कसम, रंग जाणार नाही," हे वाक्य अशा वेळीच तोंडून निघते.

कमिशन मुळात हराम नाही. बुखारी शरीफमध्ये दलालीच्या मोबदल्यावर स्वतंत्र प्रकरण आहे; इब्न सीरीन, अता, इब्राहीम आणि हसन यांनी त्यात हरकत मानली नाही, असे तिथे नमूद आहे. हरकत आहे ती दोष लपवण्याला. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आत ओल लागली. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे विचारून त्यांनी बजावले, की फसवणारा आपल्यातला नाही. शपथेने माल खपतो पण बरकत जाते, हीही त्यांचीच ताकीद आहे.

मात्र सगळा दोष त्या मुलावर टाकू नये. आकडा मालक ठरवतो आणि दुकान किती वाजेपर्यंत उघडे राहणार, हे आपली गर्दी ठरवते. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट दर आहे. पण लहान दुकाने त्याच्या बहुतेक तरतुदींबाहेर राहतात. तिथे मालकाचे ईमान हाच कायदा.

म्हणून मालकांना विनंती: पगार आणि कमिशन रमजानपूर्वीच स्पष्ट ठरवा, विक्रीच्या प्रमाणात द्या आणि चांदरातीच्या आधी हातात ठेवा. शेवटच्या दहा रात्रींत मुलांना पाळीपाळीने इबादतीसाठी मोकळे करा.

मुलांनो, कसम खाऊ नका. "हा माल जुना आहे, म्हणून स्वस्त," असे सांगूनही तो विकला जातो आणि ते गिऱ्हाईक पुन्हा येते.

भगिनींनो, मुलांचे कपडे शाबानमध्येच घेऊन ठेवा. रंग दिवसाच्या उजेडात पाहा आणि पक्के बिल मागा. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी पाहून गप्प बसू नका. बिलावर मुदत नसेल, तर सदोष माल ३० दिवसांत परत घेण्यास नकार देणे ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित प्रथा आहे.

आपली खरेदी आठवडाभर आधी उरकली, तर त्या दुकानातल्या मुलालाही एखादी रात्र मशिदीत मिळेल.