आकड्याशेजारी गावाचं नाव छापा

सिंगल माल्टची बाटली हातात आली की आपला माणूस आधी आकडा शोधतो. बारा, पंधरा, अठरा. आकडा मोठा असला की बाटली शोकेसमध्ये जाते, लहान असला की ओट्याखालच्या कपाटात. आणि आकडाच नसला तर ‘ही कुणी आणली?’ असा प्रश्न येतो. टेक्ससमधल्या प्लेनोतल्या मराठी घरांमध्ये मी हे इतकी वर्षं बघत आले आहे. व्हिस्की चाखणं आणि चाखलेलं वहीत लिहून ठेवणं हा माझा जुना छंद, म्हणून ठामपणे सांगते: आकडा बघून व्हिस्कीची पत ठरवणं चूक आहे, आणि त्यात सगळ्यात जास्त अन्याय आपल्याच मातीतल्या माल्टवर होतो.

हे आत्ता लिहिण्याला कारण आहे. भारत आणि ब्रिटन यांच्या व्यापार करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. त्यानुसार स्कॉचवरचं भारताचं १५० टक्के आयात शुल्क आधी ७५ टक्क्यांवर आणि दहाव्या वर्षापर्यंत ४० टक्क्यांवर यायचं आहे. राज्यांचे कर वेगळे, ते राहतीलच. तरी पुण्या-नाशिकच्या दुकानांतल्या फळीवर स्कॉटलंडचे आकडे वाढणार हे नक्की. त्यांच्या शेजारी गोव्याची बिनआकड्याची बाटली उभी असेल. गिऱ्हाईक काय उचलेल, याची मला काळजी वाटते.

मुळात तो आकडा सांगतो तरी काय? स्कॉटलंडच्या २००९ च्या नियमांप्रमाणे स्कॉच किमान तीन वर्षं, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात, स्कॉटलंडमध्येच मुरलेली असावी लागते. बाटलीवर वय छापायचं तर आतल्या सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचं छापावं लागतं. म्हणजे ‘१२’ हा पिंपात काढलेल्या वर्षांचा हिशोब झाला. पिंप पहिल्यांदा भरलं होतं की चौथ्यांदा, आधी त्यात शेरी होती की बर्बन, गोदामात गारठा होता की उकाडा, यातलं काहीही त्या आकड्यात नाही. आंबा अढीत किती दिवस होता हे विचारताना अढी मे महिन्यातल्या कोकणातल्या माळ्यावर होती की थंड खोलीत, हे आपण विचारतोच. व्हिस्कीबद्दल मात्र विचारत नाही.

स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के व्हिस्की हवेत उडून जाते. गोव्यात हेच प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास आणि बंगळुरात दहाच्या पुढे जातं. उन्हात व्हिस्की लाकडात खोल शिरते, गारव्यात परत फिरते. या ये-जा करण्यातून लाकडाचा रंग, गोडवा, मसाला तिच्यात उतरतो. हवा उष्ण असली की हे सगळं झपाट्यानं होतं. म्हणून उष्ण प्रदेशात अठरा वर्षं पिंप ठेवून चालत नाही. ठेवलंच तर निम्म्याहून जास्त उडून जातं, आणि उरलेलं लाकूड चावल्यासारखं तुरट लागायची भीती असते. तिथल्या कारागिराला पिंप वेळेवर रिकामं करायचं कसब लागतं. त्या कसबाला आकडा लहान पडतो.

आमच्या टेक्ससमध्ये याचं चांगलं उदाहरण आहे. प्लेनोहून गाडीनं दक्षिणेला दोनएक तासांवर वेको शहर आहे. तिथं २००८ मध्ये चिप टेट यांनी एका पुलाखालच्या जुन्या वेल्डिंगच्या दुकानात बाल्कोनीस नावाची भट्टी उभी केली. २०१२ मध्ये ‘बेस्ट इन ग्लास’ या ब्रिटनमधल्या चाचणीत परीक्षकांनी नावं न बघता चव घेतली, आणि स्कॉटलंडच्या नामांकित बाटल्या मागं टाकून बाल्कोनीसची टेक्सस सिंगल माल्ट पहिली आली. भट्टीच २००८ ची, म्हणजे आतल्या व्हिस्कीचं वय फार तर चार वर्षं. त्याआधी जानेवारी २०१० मध्ये एडिनबरातल्या लीथ इथं अशाच चाचणीत तैवानच्या काव्हालाननं स्कॉचला हरवलं होतं. तिथं गाळणी सुरू झाली होती २००६ मध्ये. दोन्ही वेळा परीक्षक मुरलेले होते. बाटली झाकली होती, तेवढाच काय तो फरक.

माझं माहेर सावंतवाडीचं. मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बोंडांचा उग्र गोड वास गावभर असायचा. प्यायचं वय नव्हतं, पण नाक तिथंच तयार झालं. त्यामुळं मडगावच्या दक्षिणेला कुंकळ्ळीत मुरणाऱ्या पॉल जॉनबद्दल मला जरा जास्त माया आहे, हे आधीच सांगून टाकते. २०१२ मध्ये ही सिंगल माल्ट आधी ब्रिटनमध्ये विकायला निघाली. तिची बार्ली भारतातली, सहा ओळींच्या कणसाची. तिचा दाणा बारीक, त्यात पिष्ट कमी आणि टरफल जास्त. टनामागं दारू कमी निघते, पण अंगानं जाड, तेलकट निघते. ‘ब्रिलियन्स’ ही बिनधुराची, ‘एडिटेड’मध्ये धूर थोडा, ‘बोल्ड’मध्ये भरपूर. धुरासाठी लागणारं पीट स्कॉटलंडहून येतं. त्याआधी २००४ मध्ये बंगळुरूच्या अमृतनं आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन विकायला ठेवली होती. ते धाडस करणाऱ्या नीलकंठ राव यांचं आडनाव जगदाळे. आणि आता आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीतून ‘लाँजिट्यूड ७७’ बाहेर पडते आहे. वाइनसाठी ओळखली जाणारी दिंडोरी माल्टसाठीही ओळखली जावी, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या घरची बैठक शनिवारी असते. टेक्ससमध्ये दारूची दुकानं रविवारी बंद आणि इतर दिवशी रात्री नऊला कुलूप, त्यामुळं आणायचं ते वेळेत आणावं लागतं. मागच्या हिवाळ्यात सासरचे काका पुण्याहून आले होते. येताना ड्यूटी फ्रीमधून अठरा वर्षांची स्कॉच आणली होती, मोठ्या कौतुकानं. मी त्यांना विचारून ती, ‘एडिटेड’ आणि वेकोची एक अशा तीन बाटल्या कागदी पिशव्यांत गुंडाळल्या. ट्यूलिपच्या आकाराच्या, तोंडाशी निमुळत्या पेल्यांत पंधरा-पंधरा मिली ओतली. चिवडा आणि शेव दुसऱ्या खोलीत ठेवली. तिखट चकणा एकदा तोंडात गेला की नाक तासभर कामाचं राहत नाही.

काका लगेच घोट घ्यायला निघाले.

“काका, आधी नुसता वास घ्या. तोंड थोडं उघडं ठेवून.”

त्यांनी घेतला. मग थोडं थांबून परत घेतला. मधल्या पेल्यापाशी ते बराच वेळ रेंगाळले. “ही काय आहे गं? गूळ आहे यात. आणि पेंढा जाळल्यासारखं काहीतरी.” घोट घेऊन म्हणाले, “हीच. बाकीच्या दोन्ही हिच्यामागं.” मी पिशवी काढली. गोव्याची निघाली. काकांना आनंद झाला, अगदी खरा. त्यांनी बाटली हातात घेतली, चष्मा वर करून पुढून बघितली, मग मागून बघितली. “वय कुठं लिहिलंय?” लिहिलेलं नव्हतंच. “मग कोवळीच असणार,” असं म्हणत त्यांनी बाटली टेबलावर ठेवली आणि स्वतःची स्कॉच पुढं ओढली.

जिभेनं दिलेला निकाल आकडा न सापडल्यामुळं फिरला. काका चोखंदळ आहेत, त्यांचं नाक उत्तम आहे. गूळ आणि पेंढा त्यांनी अचूक पकडला. त्यांच्या चवीला मी दोष देणार नाही. बाटलीनं त्यांना काहीच सांगितलं नाही, म्हणून त्यांनी रिकामी जागा स्वतःच्या अंदाजानं भरली.

ज्यांना हा प्रयोग घरी करायचा आहे, त्यांच्यासाठी पाण्याबद्दल थोडं. ‘खरा शौकीन पाणी घालत नाही’ हे निव्वळ खोटं आहे. स्वीडनमधल्या लिनेयस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर मांडून दाखवलं की धुरकट वासाचा ग्वायकॉल हा घटक कडक व्हिस्कीत अल्कोहोलच्या रेणूंनी वेढला जातो आणि आत दडून राहतो. अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत उतरलं की तो पृष्ठभागाजवळ येतो, म्हणजे नाकाजवळ. पिंपातून थेट भरलेल्या साठ टक्क्यांच्या व्हिस्कीत थोडं साधं पाणी घालून बघा, नवीनच पेला हातात आल्यासारखं वाटेल. बर्फ मात्र नको, गारठ्यानं वास बसतो. आणि पंधरा मिली म्हणजे पंधरा मिलीच. आवडलेल्याचा मोठा पेग भरायचा मोह झाला तर चाखणं संपलं आणि पिणं सुरू झालं. गाडी चालवणाऱ्यानं वास घ्यावा, घोट थुंकावा. परीक्षकही तेच करतात.

लिहून ठेवताना शब्द आपल्या घरातले वापरावेत. लॅगावूलिन १६ या स्कॉचबद्दल माझ्या वहीत ‘ओल्या लाकडाची चूल, टिंक्चर, भाजलेल्या सुक्या बांगड्याची कड’ असं आहे. ‘ब्रिलियन्स’पुढं ‘चिकूची साल, मध, शेवटी सुंठ’. वर्षभरानं वाचलं तरी वास परत येतो. दुसऱ्याच्या लेखातून उचललेल्या ‘हेदर’ फुलाचा वास मला कधी येत नाही, कारण ते फूल मी पाहिलेलंच नाही.

आता मुख्य मागणी, आणि ती पिणाऱ्यांकडं नसून भारतातल्या माल्ट बनवणाऱ्यांकडं आहे. तुमच्या बहुतेक बाटल्यांवर वय नसतं. कारण कळतं: बाराच्या शेजारी सहा छापला तर गिऱ्हाईक सहाला कमी समजेल अशी भीती. पण आकडा लपवल्यानं काकांसारख्यांचा संशय वाढतोच. अमृतनं २०१३ मध्ये ‘ग्रीडी एंजल्स’ काढली तेव्हा आठ वर्षं हे वय उघड सांगितलं, एवढ्या उन्हात आठ वर्षं टिकवलं याचा अभिमान धरून. तोच बाणा रोजच्या बाटलीवर दिसला पाहिजे. पिंपात कधी भरली, बाटलीत कधी भरली, पिंप कशाचं होतं आणि कुठल्या गावात मुरली, या चार गोष्टी छापा. ‘सहा वर्षं, कुंकळ्ळी’ असं वाचलं की गिऱ्हाईक विचारेल कुंकळ्ळी कुठं, आणि मग ऊन, दमट हवा, उडून गेलेली व्हिस्की हे सगळं सांगता येईल.

पाचवी गोष्ट रंगाची. स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरॅमल घालायला परवानगी आहे, आणि ते बाटलीवर सांगायची सक्ती स्कॉटलंडचे नियम करत नाहीत. गडद म्हणजे जुनी, असं समजणारा इथंच फसतो. अमेरिकेनं सिंगल माल्टची स्वतःची व्याख्या १९ जानेवारी २०२५ पासून लागू केली. त्यात कॅरॅमल चालतं, पण घातलं असेल तर लेबलवर लिहावं लागतं. या एका बाबतीत अमेरिकेचा नियम स्कॉटलंडच्या नियमापेक्षा सरस आहे, आणि भारतानं तो जसाच्या तसा घ्यावा.

वाचकांना एक विनंती. अमेरिकेत येताना २१ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लिटर दारू करमुक्त आणता येते. त्या एका लिटरच्या जागी विमानतळावरची अठरा वर्षांची स्कॉच नका आणू, ती इथं प्रेस्टन रोडवर मिळते. गोव्याची किंवा दिंडोरीची आणा, आणि येण्याआधी कंपनीला दोन ओळींचं पत्र लिहून विचारा: ही पिंपात किती वर्षं होती?