अंगण खरेंच वांकडें असेल तर

“नाचतां येईना, अंगण वांकडें” ही म्हण मीं चौतीस वर्षे वर्गांत वापरली आणि निवृत्त झाल्यावर घरांत वापरूं लागलों. गेल्या पाडव्याला ती मीं माझ्या धाकट्या नातवावर, चार पाहुण्यांच्या देखत, फेंकली. ती माझ्याच अंगाशीं कशी आली, हें ह्या महिन्यांत वाचकांस सांगावयाचें आहे. ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात, तेथें ही म्हण कोणी ना कोणी कोणाला तरी ऐकवीतच असतो.

नातू पंधरा वर्षांचा. दोन वर्षांपूर्वीं त्यानें सॅक्सोफोन शिकण्याचा हट्ट धरला. सतार किंवा तंबोरा हवा असेल तर तीं वाद्यें करणारें मिरज आमच्या सांगलीच्या शेजारींच आहे, असें मीं सुचवून पाहिलें. पण चित्रपटगीतांतून मनोहारी सिंग ह्यांनीं वाजविलेला सॅक्सोफोन त्याच्या कानांत बसला होता. पुढें त्यानें मला कै. कद्री गोपालनाथ ह्यांचें वादन ऐकविलें. ह्या परकी वाद्यावर त्यांनीं कर्नाटक संगीतांतील राग असे सहज उतरविले आहेत कीं, माझा विरोध तेथेंच संपला. एक जुना आल्टो सॅक्सोफोन विकत घेण्यांत आला.

वाद्य घरीं आलें आणि घराची झोंप उडाली. खालचे स्वर निघतच नसत; मधले निघतां निघतां किंचाळत. सौ. लहानपणीं पेटी शिकलेली. तिनें पहिल्याच दिवशीं दोष काढला कीं, मुलगा आपल्या वहींतला ‘सी’ वाजवितो, पण पेटीवर तो काळी दोन निघतो! तो दोष नव्हता. आल्टोची बांधणीच तशी असते, हें त्याच्या गुरुजींनीं समजावून सांगितलें. किंचाळण्याचें कारण मात्र सर्वांनीं एकमतानें ठरविलें: रियाज कमी. पाडव्याला पाहुण्यांपुढें वाजवितांना पुन्हां तेंच झालें. नातू म्हणाला, “आजोबा, वाद्यांतच कांहींतरी दोष आहे.” त्यावर मीं ती म्हण टाकली. पाहुणे हंसले, मीही हंसलों. दुसऱ्या दिवसापासून वाद्याची पेटी पलंगाखालीं गेली ती तीन आठवडे बाहेर आली नाहीं. अखेर सौ. म्हणाली, “घर शांत झालें खरें, पण पोर जेवतांना मान वर करीत नाहीं.”

मग मीं गुरुजींना घरीं बोलाविलें. बँडमध्यें आयुष्य घालविलेले हे गृहस्थ. एरवीं मुलगा शिकावयास जाई तेव्हां तेथलेंच वाद्य वाजवी. त्यामुळें घरचें वाद्य त्यांनीं कधीं हातांत घेतलेंच नव्हतें. त्यांनीं सर्व वाद्य बाजूला ठेवलें आणि फक्त तोंडांत धरावयाची मुखनळी, ज्याला ते ‘माउथपीस’ म्हणत, तेवढी उजेडांत धरली.

येथें थोडें शास्त्र सांगितलें पाहिजे. भरताच्या नाट्यशास्त्रांत वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग केले आहेत. सॅक्सोफोन हें सुषिर वाद्य. बेल्जियममधील दिनां ह्या गांवीं १८१४ सालीं जन्मलेल्या अडॉल्फ सॅक्स ह्यानें तें निर्माण केलें व १८४६ सालीं पॅरिस येथें त्याचें पेटंट मिळविलें. अंग पितळेचें असूनही युरोपांत त्याची गणना बांसरी-क्लॅरिनेटच्या पंक्तींत होते, कारण त्याचा नाद रीडच्या कंपानें उत्पन्न होतो. मुखनळीची एक बाजू सपाट असते. बोरूसारख्या एका नळगवतापासून तासलेली रीड तीवर ठेवून कड्यानें आवळतात. टोंकाकडे मात्र मुखनळीचे दोन्ही कांठ किंचित् वळत जातात आणि तेथें रीडखालीं बारीक फट राहते. फुंकर घातली कीं रीड त्या वळणावर टेंकत टेंकत फट मिटविते व पुन्हां उघडते. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतांना ज्यांनीं कारागीर पाहिला आहे, त्यांना हें चटकन् कळेल. तेथें तार जशी घोडीच्या वळणाला हळूहळू स्पर्श करते, तशी येथें रीड कांठांच्या वळणाला. एकाच कांठाचें वळण केंसभर बिघडलें तरी रीड तिरपी मिटते आणि स्वराऐवजीं किंकाळी निघते.

गुरुजींनीं तीन सोप्या परीक्षा केल्या. ज्यांच्या घरीं असें वाद्य असेल त्यांनीं त्या ध्यानांत ठेवाव्या. पहिली: सपाट बाजू कांचेवर ठेवून ती डळमळते कीं काय तें पाहणें. दुसरी: टोंक व दोन्ही कांठ उजेडांत धरून न्याहाळणें. तिसरी: रीड बांधून मुखनळीचें मागचें तोंड तळहातानें बंद करणें व पुढून हवा ओढून घेणें. सर्व ठीक असेल तर तोंड काढल्यावर रीड क्षणभर चिकटून राहते व मग ‘टप्’ असा आवाज होऊन सुटते. आमची मुखनळी तिन्हींत नापास झाली. ती डळमळली, डावा कांठ झिजलेला व टोंकाला टवका उडालेला निघाला, आणि हवा क्षणभरही धरली गेली नाहीं. गुरुजी एवढेंच म्हणाले, “ह्यावर मलाही वाजवितां येणार नाहीं.” आणि वाजवून दाखविलें. तशीच किंकाळी!

नवी मुखनळी कोणती घ्यावी, असा प्रश्न आला. गुरुजींची स्वतःची एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कठीण केलेल्या रबराची; किंमत वीस हजारांच्या घरांत. माझा पश्चात्ताप ताजा असल्यामुळें मी तीच आणावयास निघालों होतों. त्यांनीं मला थांबविलें व यामाहा कंपनीची ‘४ सी’ ह्या खुणेची साधी राळेची, टोंकाशीं १.६ मिलिमीटर फट असलेली मुखनळी आणावयास सांगितलें. ती अडीच हजारांच्या आसपास मिळाली. रीड दोन नंबरची. फट जसजशी मोठी, तसतशी रीड मऊ लागते. उगाच मोठ्या फटीच्या मागें लागूं नये, असा त्यांचा उपदेश.

नव्या मुखनळीनें हवा धरली. नुसत्या मुखनळीवर फुंकर घातली तेव्हां पेटीच्या वरच्या सप्तकांतील पांढरी सहा स्वच्छ निघाली. आल्टोची मुखनळी एवढा स्वर देऊं लागली म्हणजे ओठांची ठेवण ठीक आहे, असें समजतात. मग वाद्याला जोडून मुलानें एक लांब स्वर काढला. माजघरांत भाजी निवडणाऱ्या सुनेनें हात थांबविले. ज्या खालच्या स्वरांसाठीं तो दोन वर्षे झगडत होता, ते त्याच दुपारीं निघाले.

तरी माझा मास्तरकीचा स्वभाव स्वस्थ बसेना. गुरुजींची मुखनळी एका रविवारीं मागून घेतली व मुलाला दाराआड बसविलें. जुनी, स्वस्त व महाग अशा तिन्हींवर त्यानें भूपाचे तेच आरोह-अवरोह एकूण बारा वेळां, प्रत्येकीवर चार वेळां, वाजविले. क्रम सुनेनें कागदावर टिपून ठेवला. जुनी मुखनळी घरांतल्या सर्वांनीं चारही वेळां ओळखली. उरलेल्या आठांत माझीं उत्तरें चार बरोबर आलीं. म्हणजे नाणें उडविलें असतें तरी चाललें असतें. सौ.चीं सहा बरोबर आलीं. ती म्हणाली, “महागडींत आवाज किंचित् भरदार आहे, स्वस्तांत थोडा उघडा. पण दोहोंतही पोराचा श्वास उतरतांना सुटतो.” गुरुजींनीं ह्यावर मान डोलविली. नादाला आंतली पोकळी व कांठांचें वळण जितकें कारण होतें, तितका पदार्थ होत नाहीं, हें त्यांनीं सांगितलें. चार्ली पार्कर ह्या विख्यात अमेरिकन वादकानें १९५३ सालीं टोरंटोच्या मैफलींत प्लास्टिकच्या अंगाचा सॅक्सोफोन वाजविला होता, हेंही त्यांच्याच तोंडून कळलें. महागडी कधीं घ्यावी, असें विचारतां ते म्हणाले, “स्वस्तांत काय उणें पडतें हें त्याचें त्याला कळूं लागेल तेव्हां.”

असो. हिशेब येथें संपत नाहीं. त्या रात्रीं मला एक विद्यार्थी आठवला. फळ्यावरचें सुभाषित वहींत उतरवितांना तो नेहमीं अक्षरें चुकवी. त्यालाही मीं हीच म्हण ऐकविली होती, वर्गासमोर. पुढच्या वर्षीं तो चष्मा लावून आला आणि एकही अक्षर चुकेना. तेव्हां मीं त्याला शाबासकी दिली. क्षमा मागितली नाहीं. मास्तरानें क्षमा मागावयाची असते, हें त्या वेळीं सुचलेंच नाहीं. आतां तो कोठें आहे, ठाऊक नाहीं.

नातू मात्र घरांतच होता. दुसऱ्या दिवशीं सर्वजण पानावर बसले असतां मीं त्याला म्हणालों, “पाडव्याला मीं बोललों तें चुकलें. तूं खरें सांगत होतास.” थोरल्या भावजयींनीं वाढतां वाढतां माझ्याकडे पाहिलें, आमच्या घरांत वडील माणसानें असें बोलण्याची रीत नाहीं. मुलानें मान खालींच ठेवली, पण म्हणाला, “आजोबा, आतां श्वास सुटतो त्याला कारण सांगतां येणार नाहीं.” संध्याकाळीं त्यानें तासभर नुसते लांब स्वर काढले.

म्हण खोटी नाहीं. अंगण नीट झाल्यावर नाचण्याचे कष्ट नाचणाऱ्यालाच करावे लागतात. परंतु ती म्हण तोंडांतून काढण्यापूर्वीं वडिलांनीं उठून एकदां अंगण पाहून यावें, एवढेंच माझें सांगणें आहे. आमचें अंगण नीट करावयास अडीच हजार रुपये लागले. कित्येकदां तितकेही लागत नाहींत.