अद्ययावततेचा भुर्दंड

जून महिना उजाडला की बीड जिल्ह्यातील तालुक्यांच्या गावी सेवा केंद्रांसमोर रांगा लागतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासाचा दाखला. आणि त्यांच्यामागोमाग पीक विम्याचे अर्ज. गेवराईच्या किंवा पाटोद्याच्या रांगेत उभा असलेला माणूस बहुधा खेड्यातून एस.टी.ने आलेला असतो आणि त्याची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते. अशा वेळी केंद्रचालक सांगतो, 'प्रिंटर सापडत नाही, उद्या या.' संगणक चालू असतो, दाखला पडद्यावर दिसत असतो, प्रिंटरही हाताच्या अंतरावर असतो. आदल्या रात्री संगणकाने आपणहून नवे अपडेट उतरवून घेतले आणि सकाळी त्याला शेजारच्या बिनतारी प्रिंटरची ओळख पटेनाशी झाली, एवढेच घडलेले असते.

हा एखाद्या केंद्राचा दैवदुर्विलास मानण्याचे कारण नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात विंडोजमधील छपाईची कामे रांगेला लावणाऱ्या भागात गंभीर उणीव आढळली. तिचा फायदा घेऊन परक्याला संगणकाचा ताबा घेता आला असता. मायक्रोसॉफ्टने जुलैमध्ये तातडीची दुरुस्ती पाठवली आणि ऑगस्टमध्ये प्रिंटरचा ड्रायव्हर बसवण्यासाठी प्रशासकाचा अधिकार सक्तीचा केला. परिणामी जगभरच्या कार्यालयांतील साध्या कर्मचाऱ्यांसमोर पासवर्डची मागणी उभी राहिली. पुढील दोन महिन्यांच्या अपडेटनंतर सामाईक प्रिंटरवर छपाई होत नसल्याचे कंपनीलाही मान्य करावे लागले.

दुरुस्ती अनावश्यक होती, असे कोणी म्हणणार नाही. नागरिकांची कागदपत्रे हाताळणारा संगणक असुरक्षित ठेवणे हा बेजबाबदारपणाच ठरेल. प्रश्न आहे तो दुरुस्तीचा खर्च कोणी सोसायचा, हा. मोठ्या कंपनीत नवे अपडेट आधी चार संगणकांवर तपासले जाते आणि मग सर्वत्र लागू होते. त्यासाठी पगारी तंत्रज्ञ असतात. तालुक्याच्या केंद्रात चालक, लेखनिक आणि तंत्रज्ञ एकच. तेथे अपडेटची चाचणी प्रत्यक्ष रांगेवरच होते. निर्णय एकाचा, लाभ सर्वांचा आणि भुर्दंड मात्र ज्याला काहीच विचारले गेले नाही त्याचा, अशी ही वाटणी आहे. तो भुर्दंड कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही; तो एस.टी.च्या दुसऱ्या फेरीच्या तिकिटात आणि बुडालेल्या मजुरीत असतो.

या बिघाडांपैकी पुष्कळसे किरकोळ असतात, ही त्यातली खेदाची गोष्ट. संगणक प्रिंटरला एका क्रमांकी पत्त्यावरून ओळखतो. वीज जाऊन आली की राउटर तो पत्ता बदलू शकतो आणि संगणक जुन्याच पत्त्यावर कागद धाडत राहतो. दोष भारनियमनाचा असतो, बोल अपडेटला लागतो. प्रिंटरला राउटरमध्ये कायमचा पत्ता राखून ठेवला की हा प्रश्न मिटतो. कधी अपडेटनंतर संगणक केंद्रातील वाय-फायला 'सार्वजनिक' समजून शेजारच्या यंत्रांकडे पाठ फिरवतो. ते जाळे पुन्हा 'खासगी' ठरवावे लागते. कधी अडकलेली छपाईची रांग रिकामी करून ती सेवा पुन्हा सुरू केली की भागते. कधी प्रिंटर काढून टाकून उत्पादकाच्या नव्या ड्रायव्हरसह पुन्हा जोडावा लागतो. काहीच न साधले तर केबल आहेच. शिवाय विंडोजमध्ये अपडेट पाच आठवड्यांपर्यंत लांबवता येते. म्हणजे मुदतीचा आठवडा टाळून ते निवांत दिवशी घेता येते. एवढे ज्ञान प्रत्येक केंद्रचालकाला एका दिवसाच्या प्रशिक्षणात देता येईल. केंद्रे वाटताना जी तत्परता दिसते, ती या प्रशिक्षणाच्या बाबतीत दिसत नाही.

प्रिंटरचे आणि परावलंबनाचे नाते तसे जुने आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एम.आय.टी.च्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की वापरणाऱ्यांना सूचना मिळावी, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांना त्यात करायची होती. जुन्या प्रिंटरमध्ये ती त्यांनी केली होती. परंतु नव्या प्रिंटरच्या आज्ञावलीचा मूळ मजकूर त्यांना नाकारण्यात आला. या अनुभवाचाही वाटा असलेली मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ १९८३ मध्ये उभी राहिली. यंत्र आपले, पण त्याची किल्ली दुसऱ्याकडे, हे दुखणे तेव्हा एका प्रयोगशाळेचे होते. आज ते धारूर-वडवणीपर्यंत पोचले आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे चालू स्थितीतील जुने संगणक बदलण्याचा खर्चही आता दारात उभा आहे.

याहून मूलभूत प्रश्न कागदाचा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्याने डिजिटल स्वाक्षरीला मान्यता दिली. तहसीलदारांची डिजिटल स्वाक्षरी असलेला दाखला संगणकावर तपासता येतो. किंबहुना त्या स्वाक्षरीची खरी पडताळणी संगणकावरच होते. तरीही महाविद्यालय, बँक आणि कार्यालय यांना त्याची छापील प्रत हवी असते, वर झेरॉक्सचे दोन संचही. जी सोय कागद वाचवण्यासाठी आणली, तीच कागदावाचून अडू लागली आहे.

म्हणून उपाय दुहेरी हवा. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात केंद्रातील यंत्रणा बंद पडल्यास अर्जदाराला तेवढे दिवस वाढवून मिळावेत आणि प्रत्येक तालुक्याला बोलावल्यासरशी येणारा एक तंत्रज्ञ असावा, ही शासनाची जबाबदारी. पडद्यावर तपासता येणाऱ्या दाखल्याची छापील प्रत न मागणे ही मात्र शाळा, महाविद्यालये आणि कार्यालये यांच्या अखत्यारीतील गोष्ट आहे. त्यासाठी कोणत्याही अपडेटची वाट पाहावी लागत नाही. खिडकीच्या आतील माणसाने आपली सवय बदलली, तरी बाहेरच्या माणसाची एक खेप वाचेल.