पणजोबा सापडले, पणजी कुठे आहे?

बारावीचा निकाल लागला की बीबी आणि आसपासच्या खेड्यांतून आमच्याकडे दरवर्षी एकच निरोप येतो : व्हॅलिडिटीसाठी जुना पुरावा पाहिजे. मग आम्ही पोरापोरींना घेऊन तहसीलच्या अभिलेख कक्षात चकरा मारतो, जुन्या शाळेचे दाखलखारीज रजिस्टर काढायला लावतो, कोतवाल बुकाच्या नकलेसाठी अर्ज करतो. 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा, वडिलांच्या बाजूच्या रक्तनात्यातल्या माणसाचा, जातीची नोंद असलेला एक कागद एवढाच शोध असतो. कागद मिळाला की घरात पेढे वाटले जातात. ज्या घराने 1956 नंतर देव्हाऱ्यातले देव बाहेर काढले, त्या घरात 'महार' हा शब्द सापडल्याचा आनंद साजरा होतो.

यावर हसणारे हसोत. आरक्षण ही भीक नाही, आणि खोट्या दाखल्यावर दुसऱ्याची जागा लाटणारे कमी नाहीत. पडताळणी हवीच. आमचा वाद पडताळणीशी नाही. ती ज्या नजरेने आपले घर पाहते, त्याच नजरेने आपणही आपले घर पाहू लागलो आहोत, याच्याशी आहे.

एका मुलीचे प्रकरण सांगतो. तिच्या पणजोबांची नोंद मिळाली. नुसते नाव आणि पुढे 'महार', आडनाव नाही. आडनाव घराने नंतर लावले. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर महार, वडिलांच्या दाखल्यावर बौद्ध, तिच्या स्वतःच्या दाखल्यावर नवबौद्ध. एका कार्यालयातल्या बाबूने विचारले, "तुम्ही नेमके आहात तरी कोण?" एका घराच्या तीन पिढ्यांत तीन शब्द का आले, हे ज्याला कळत नाही त्याला या राज्याचा इतिहास ठाऊक नाही. 1951 च्या जनगणनेत महाराष्ट्रात अडीच हजारांच्या आसपास असलेले बौद्ध 1961 ला 27 लाख 89 हजार 501 झाले. आणि धर्मांतरितांना अनुसूचित जातीच्या सवलती देणारा केंद्राचा कायदा 1990 ला आला. मधली चौतीस वर्षे लोकांनी कुठे काय लिहिले आणि का लिहिले, हे त्या बाबूला आम्ही तासभर समजावले. काम झाले, पण प्रवेशाची पहिली फेरी हुकली.

त्या धावपळीत मुलीने आम्हाला विचारले, "सर, वंशावळीत पणजीचं नाव कुठं लिहायचं?" आम्ही फॉर्म पुन्हा पाहिला. वर पणजोबा, खाली त्यांचे मुलगे, त्यांच्या खाली नातू. आजवर किती वंशावळी भरून दिल्या याचा हिशेब नाही, पण हा प्रश्न आम्हाला पडला नव्हता. समाजशास्त्रात एम. ए. करूनही नाही.

मग आम्ही कोतवाल बुकाच्या नकला नव्याने वाचल्या. बहुतेक नोंदींत बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी एवढेच. जिने बाळंतपण सोसले तिचा उल्लेखच नाही. गंमत पाहा, विदर्भात पुष्कळ गावांची कोतवालकी आपल्याच माणसांकडे होती. गावात कोण जन्मले, कोण मेले याची वर्दी ठाण्यावर नेणारे पाय आपले होते, लिहिणारा हात दुसऱ्याचा होता. त्या हाताला जे महत्त्वाचे वाटले तेवढेच उरले. आज त्याच उरलेल्यातून आपण स्वतःला शोधतो आहोत.

वंशावळ ही मुळात वतनदारांची चीज. बीबीच्या शेजारी सिंदखेड राजा आहे. तिथल्या लखुजी जाधवांच्या पिढ्या शाळकरी पोरालाही सांगता येतात, कारण त्या लिहून ठेवणारे लोक होते. आपल्याच जिल्ह्यात देऊळगाव राजा तालुक्यातले मेहुणा राजा हे चोखोबांचे जन्मगाव मानले जाते. त्या घरातली बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, ही नावे सहाशे-सातशे वर्षे टिकली ती त्यांनी अभंग रचले म्हणून. आणि सोयराबाईसुद्धा अभंगात आपली ओळख देते ती चोख्याची बायको म्हणूनच.

आता जरा लांबचे उदाहरण. अमेरिकेत चेरोकी नावाचे मूलनिवासी राष्ट्र आहे. 1838-39 साली त्यांना त्यांच्या भूमीवरून हुसकावून पश्चिमेकडे चालवत नेले, वाटेत हजारो मेले. तिथे आज असंख्य गोऱ्या घरांत 'आमची एक पणजी चेरोकी होती' अशी कथा सांगतात. 2010 च्या जनगणनेत आठ लाखांहून जास्त लोकांनी आपण चेरोकी असल्याचे नोंदवले. ज्यांची जमीन घेतली त्यांचेच रक्त आता शोभेला हवे! एलिझाबेथ वॉरन या सिनेटरबाईंनी 2018 मध्ये डीएनए चाचणीचा निकालच जाहीर केला. चेरोकी राष्ट्राने ठणकावले की असल्या चाचणीने कोणी आमचा नागरिक होत नाही. त्यांचा नियम कागदाचा आहे : डॉज रोल नावाच्या यादीत तुमचा थेट पूर्वज असला पाहिजे.

पण ती यादी चेरोकींनी केलेली नाही. त्यांची सामाईक जमीन तुकड्यातुकड्याने वाटून मोडायची म्हणून अमेरिकी सरकारने 1898 ते 1907 च्या दरम्यान ती केली. चेरोकींमध्येही धनिकांकडे काळे गुलाम होते. ते मुक्त झाले आणि 1866 च्या तहाने त्यांना नागरिकाचे हक्क मिळाले, तरी यादीत त्यांना वेगळे काढले. एकीकडे 'रक्ताने' चेरोकी, दुसरीकडे मुक्त केलेले. ज्या काळ्या माणसाची आजी चेरोकी होती त्यालाही पुष्कळदा दुसऱ्याच यादीत टाकले. शंभर वर्षांनी, 2007 मध्ये, चेरोकींनी मतदान घेऊन या काळ्या भावंडांना राष्ट्राबाहेर काढले. ती लढाई 2017 च्या संघराज्य न्यायालयाच्या निकालापर्यंत चालली, आणि 2021 मध्ये चेरोकींच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाने संविधानातून 'रक्ताने' हा शब्दच काढायला लावला.

आणखी एक गोष्ट. चेरोकींचे कुळ परंपरेने आईकडून येते. आई ज्या कुळाची, लेकरू त्या कुळाचे. आपल्याकडे आईचा कागद पडताळणीच्या टेबलावर सहसा चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये रमेशभाई नाईका प्रकरणात सांगितले की आंतरजातीय विवाहातल्या मुलाची जात बापाचीच असे डोळे झाकून धरता येणार नाही, तो कसा वाढला, काय भोगले ते पाहा. पण खालच्या खिडकीवर आजही पहिला सवाल 'वडिलांकडचे कोण?' हाच.

काही सहकारी म्हणतात, जात गाडायची आहे तर पूर्वज कशाला उकरता? बाबासाहेबांनी 'अस्पृश्य मूळचे कोण होते' यावर 1948 साली अख्खा ग्रंथ लिहिला. रक्ताचा, वंशाचा सिद्धांत त्यांनी त्यात खोडून काढला. ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशाने वेगळे नाहीत, अस्पृश्यता ही इतिहासात घडलेली गोष्ट आहे, असे मांडले. पूर्वज शोधायचे ते अशा रीतीने. ते कोणत्या रक्ताचे होते हे आपल्याला नको आहे. काय काम करत होते, कोणत्या दुष्काळात कुठून कुठे गेले, कोणत्या वर्षी मेलेले ढोर ओढायचे सोडले आणि त्यासाठी गावाने काय केले, हे हवे आहे. कोणत्याही रजिस्टरात त्याचा रकाना नाही.

बीबी हे जुन्या वऱ्हाडाच्या कडेचे गाव. पलीकडे मंठा, जिंतूर, म्हणजे 1948 पर्यंत निजामाचा मुलूख. इथल्या कितीतरी घरांतल्या आज्या-पणज्या तिकडून सून म्हणून आल्या. वऱ्हाड इंग्रजी अमलात, माहेर निजामाच्या राज्यात. त्यांचे माहेर शोधायचे तर उर्दू आणि मोडी कागद वाचणारा माणूस गाठावा लागतो. तिथेही सापडतो तो तिचा बाप किंवा भाऊ. म्हणून कागदाआधी माणसे गाठावीत असे आमचे मत झाले आहे. 1956 साली जी दहा वर्षांची होती ती आज ऐंशीच्या घरात आहे. फार वेळ नाही.

त्या मुलीची व्हॅलिडिटी झाली, ती आता कॉलेजात आहे. या उन्हाळ्यात तिच्यासह सहा जणांनी एक साधी दोनशे पानी वही घेतली. एका घराला चार पाने. पहिल्या ओळीत घरातल्या सर्वात जुन्या बाईचे नाव, माहेरच्या गावासकट, मग बाकी सगळे. भावांनो, बहिणींनो, आपापल्या गावात हे करून पाहा, चार दिवसांत कळेल की किती अवघड आहे. एका आजीला तिच्या सासूचे नाव आठवेना. सगळे तिला 'अमक्याची माय' म्हणायचे, तेच नाव. दुसरी आजी आमच्यावरच चिडली, "माहं नाव कशाला लिव्हता बाबा, माह्या पोराचं लिवा, त्याला कागद लागतो."

तिला समजावत बसलो. दुपार झाली, चहा झाला. मग तिने आपले नाव सांगितले, आईचे सांगितले, आणि आईच्या आईचे आठवायला पुन्हा डोळे मिटले. आम्ही पेन धरून थांबलो.