गुस्टाव आणि गुस्ताव्हो

एका स्कीपटूचे नाव दोन प्रकारे लिहिले जाते. जर्मनभाषक मुलखात जन्मलेला तो गुस्टाव ट्योनी. सत्तरच्या दशकातील इटालियन वृत्तपत्रांनी त्याचा गुस्ताव्हो तोएनी केला. नावाच्या शेवटी एक 'ओ' जोडला, आडनावातील जर्मन स्वराची फोड केली, आणि माणूस राष्ट्राचा झाला. स्कीइंग हा आमच्या अभ्यासाचा विषय नव्हे. बर्फाशी आमचा परिचय रसवंतीगृहापुरताच. परंतु भाषा शिकवणे हा आमचा व्यवसाय असल्याने हा 'ओ' आम्हांला अस्वस्थ करतो.

ट्योनीचा जन्म १९५१ साली त्राफॉय या लहानशा गावी झाला. स्तेल्व्हिओ घाटाच्या चढणीवरचे हे गाव दक्षिण तिरोल प्रांतात येते. पहिल्या महायुद्धापर्यंत हा प्रदेश ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. युद्धानंतर तो इटलीला मिळाला. फॅसिस्ट राजवटीत तेथील जर्मन शाळा बंद करण्यात आल्या, गावांना इटालियन नावे देण्यात आली, आणि मुलांना जर्मन अक्षरे चोरून शिकवण्याची वेळ आली. १९३९ मध्ये हिटलर आणि मुसोलिनी यांनी रहिवाशांपुढे पर्याय ठेवला : भाषा राखायची तर गाव सोडून जर्मनीत जा, गाव राखायचे तर भाषेवर पाणी सोडा. ट्योनी दहा वर्षांचा असताना, जून १९६१ मध्ये, फुटीरतावाद्यांनी एका रात्रीत प्रांतातील विजेचे कितीतरी मनोरे स्फोटांनी पाडले. व्यापक स्वायत्तता देणारा दुसरा कायदा अमलात आला तो जानेवारी १९७२ मध्ये. त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी जपानमधील साप्पोरो येथे ट्योनीने जायंट स्लालमचे ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. स्लालममध्ये तो दुसरा आला आणि त्याचा चुलतभाऊ रोलांड तिसरा. नोंदींत तोही 'रोलांदो'च.

विश्वचषकाचे एकूण विजेतेपद चार वेळा (१९७१, १९७२, १९७३ आणि १९७५), विश्वचषकाच्या शर्यतींत २४ विजय, १९७४ च्या जागतिक स्पर्धेत दोन सुवर्णपदके, ही जंत्री कोठेही मिळते. १९७५ च्या मोसमापाशी मात्र थोडे थांबावे. ट्योनी हा स्लालमचा, म्हणजे रोवलेल्या दांड्यांमधून नागमोडी उतरण्याच्या शर्यतींचा, खेळाडू. वळण संपताना खालच्या पायाने रेटा देऊन वरच्या स्कीवर पाऊल टाकायचे आणि पुढच्या दांडीसाठी उंची राखायची, ही त्याची खास चाल. इटालियनमध्ये तिला 'पासो स्पिंता' म्हणतात, आपण तिला रेटापाऊल म्हणू. असा हा खेळाडू त्या जानेवारीत ऑस्ट्रियातील किट्सब्यूएल येथे निव्वळ वेगाच्या, डाउनहिल शर्यतीत उतरला, आणि फ्रान्झ क्लामरसारख्या वेगाच्या बादशहाकडून सेकंदाच्या फक्त शंभराव्या भागाने हरला. मार्चमध्ये शेवटच्या शर्यतीपूर्वी ट्योनी, क्लामर आणि स्वीडनचा इंगेमार स्टेनमार्क हे तिघेही समान गुणांवर होते. निकाल लागायचा होता दक्षिण तिरोलमध्येच, ज्या दरीला तीन भाषांत तीन नावे आहेत तेथे : व्हाल गार्देना, ग्र्योडन, गेर्देइना. दोन खेळाडू शेजारी शेजारी उतरतात अशी ती समांतर स्लालम. क्लामर लवकर बाद झाला. अंतिम फेरीत अखेरच्या दांड्यांपाशी स्टेनमार्कचा तोल गेला आणि चषक ट्योनीकडे आला. इटली 'गुस्ताव्हो'च्या नावाने दुमदुमली. बर्फाच्या कडेला उभे राहून 'गुस्टाव' अशी हाक मारणारेही कोणी असतीलच.

आता आमचा आक्षेप. इटालियन क्रीडापत्रकारितेने या माणसाची जी प्रतिमा घडवली ती एका मितभाषी पहाडी माणसाची : लाजाळू, शब्द मोजून वापरणारा, दगडासारखा. स्वभाव म्हणून ते खरे असेलही. परंतु प्रश्न इटालियनमध्ये विचारायचा, उत्तर इटालियनमध्ये मागायचे, आणि ते त्रोटक आले की त्याला डोंगराचा गुणधर्म म्हणायचे, हे निरीक्षण नव्हे. जानेवारी १९७४ मध्ये बेर्ख्तेसगाडेन येथे जायंट स्लालमचे पहिले पाचही क्रमांक इटलीने घेतले आणि त्या चमूला 'निळा हिमलोट' हे नाव पडले. त्या पाचांपैकी ट्योनी, श्ट्रिकर आणि श्माल्त्स्ल हे तिघे दक्षिण तिरोलचे. नुसती आडनावे मोठ्याने वाचली तरी त्या निळ्या रंगात काय मिसळले होते ते ऐकू येते.

दुसरे असे की १९८० मध्ये निवृत्त झालेला हा 'अबोल' मनुष्य पुढे प्रशिक्षक झाला, आणि त्याच्या हाती आला तो बोलोन्याकडचा आल्बेर्तो तोम्बा : धष्टपुष्ट, कॅमेरा दिसला की खुलणारा, इटालियन स्कीइंगमधला सर्वांत बोलका विजेता. नव्वदच्या दशकात काही वर्षे दोघे बरोबर होते. १९७५ नंतर वीस वर्षे इटलीच्या एकाही पुरुषाला न मिळालेले विश्वचषकाचे एकूण विजेतेपद १९९५ मध्ये तोम्बाला मिळाले, तेव्हा त्याचा प्रशिक्षक ट्योनीच होता. अशा शिष्याला वर्षानुवर्षे शिकवणाऱ्याजवळ शब्द नव्हते, हे आम्हांला पटत नाही. शब्द होते, ते मुलाखतकारासाठी नव्हते, एवढेच.

आमचा हा राग पूर्णपणे निःस्वार्थ नाही, हेही सांगून टाकावे. आमच्या वर्गांत घरी अहिराणी, भिली किंवा कोरकू बोलणारी मुले असतात. तोंडी परीक्षेत ती प्रमाण मराठीत दोन वाक्ये बोलून थांबतात, आणि आम्ही गुणपत्रिकेच्या समासात 'अबोल, आत्मविश्वास कमी' असा शेरा मारतो. आमच्यापैकी एकाने काही वर्षांपूर्वी असाच शेरा एका मुलीला दिला. पुढे स्नेहसंमेलनाच्या दिवशी मैदानामागे तिला मैत्रिणींशी तिच्या बोलीत भांडताना ऐकले. काय वक्तृत्व ते! उपरोध, नक्कल, म्हणी, श्वास घ्यायला उसंत नाही. शेऱ्याचा कागद तोवर विद्यापीठात पोहोचला होता.

त्राफॉयला ट्योनी कुटुंबाचे हॉटेल आहे. त्याचे नाव 'बेल्ला व्हिस्ता', म्हणजे सुंदर देखावा, आणि ते नाव इटालियन आहे. गावाचे नाव मात्र दोन्ही भाषांत एकच राहिले. त्याला कोणी 'ओ' जोडला नाही.