स्वस्त झालेले रामशास्त्री

परवा एका निवृत्त न्यायाधीशांच्या सत्काराला गेलो होतो. शाल, श्रीफळ झालं आणि तिन्ही वक्त्यांनी त्यांना ‘आजचे रामशास्त्री’ म्हणून टाकलं. का, ते मात्र एकानेही सांगितलं नाही! तिथे गप्प बसलो, म्हणून इथे लिहितो.

रामशास्त्र्यांनी नारायणरावांच्या खुनाबद्दल खुद्द राघोबादादांना दोषी ठरवलं आणि पद सोडून पुण्याबाहेर पडले. ती पदवी शालीबरोबर वाटायची नव्हे.

आपल्या हयातीत ती कुणाला शोभली असेल तर न्या. हंसराज खन्नांना. आणीबाणीत नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं होतं की स्थानबद्ध माणसाला कोर्टाचं दार ठोठावता येईल. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते दार बंद केलं. तो एक म्हणजे खन्ना. पोलिसाने वैरापोटी कुणाला ठार मारलं तरी दाद नाही का, हे सरकारी वकिलाला त्यांनीच विचारलं. आणीबाणी असेतो नाही, असं उत्तर आलं! जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ न्यायाधीशांना सरन्यायाधीश केलं. खन्नांनी राजीनामा दिला.

“एकट्याच्या मताने काय झालं? निकाल तर बदलला नाही!” असं शहाणी माणसं म्हणतात. बदलला की! २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच तो जुना निकाल चूक ठरवला, आणि तसं लिहिणाऱ्यांत १९७६ च्या बहुमतातल्या न्या. यशवंतराव चंद्रचूडांचे चिरंजीव होते. एकेचाळीस वर्षं लागली. पण मधल्या काळात कायदा शिकणाऱ्या पोरांना दाखवायला ते एक मत तरी होतं. वकिलांना स्फूर्ती मिळते ती अशा मतातून, निरोपाच्या भाषणातून नाही.

हे मी तावातावाने लिहितोय, पण माझीही एक गोष्ट आहे. १९७६ साली मी नुकताच शिक्षक झालो होतो. नागरिकशास्त्रात मूलभूत हक्क शिकवत होतो. वर्गातल्या एका मुलाचे वडील मिसाखाली आत होते. त्याने विचारलं, “सर, मग बाबांना कोर्टात का जाता येत नाही?” मी म्हटलं, “हा भाग परीक्षेला नाही.”

खन्नांना सरन्यायाधीशपद गमवायचं होतं. मला काय गमवायचं होतं? जेमतेम एक नोकरी. तरी मी घाबरलो. म्हणूनच त्या पदवीची किंमत मला ठाऊक आहे.

असो. पुढच्या सत्काराला कुणी ‘रामशास्त्री’ म्हणालं, तर एवढंच विचारा, “साहेबांनी काय सोडलं?”